पन्नासची रेघ

भिवाजी बुवांनी दुसऱ्याच अभंगाला माइकपासून तोंड मागं घेतलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"चावला रे," ते म्हणाले.

"कोण चावला?" विजयकुमारनं कानावरचा हेडफोन सरकवून विचारलं.

"तुझा माइक. मुंगी डसल्यावानी झालं."

पखवाजवाला हसला, टाळकरी हसले. विजयकुमारही हसला, पण त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. बुवांच्या आवाजाखाली सकाळपासून एक बारीक घूं ऐकू येत होती. मडक्यात भुंगा कोंडला की येते तशी. बुवा गात असले की ती आवाजात बुडून जायची, ते श्वासाला थांबले की पुन्हा वर यायची. शेवटी त्यानं मंडळींना चहा पाजला आणि चार दिवसांनी या म्हणून परत पाठवलं.

नांदेडला एका कॅसेटच्या दुकानात विजयकुमार रेकॉर्डिंग शिकला होता. लोक मोबाइलमध्ये गाणी भरून घ्यायला लागले, तसं ते दुकान बसलं आणि तो बायकोला घेऊन जवळा बाजारला आपल्या घरी परतला. गोठ्याला लागून पत्र्याची एक खोली होती. तिच्यात पूर्वी कापूस भरून ठेवायचे. तिला आतून गोधड्या आणि पोती ठोकून त्यानं स्टुडिओ केला. जुना लॅपटॉप मिळवला. आणि त्या हिवाळ्यात, दोन हजार सातच्या, त्यानं नांदेडहून ऑडिओ इंटरफेस आणला. पंजाएवढा डबा तो. एका अंगानं त्याला माइक लावायचा, दुसऱ्या अंगानं यूएसबीची वायर लॅपटॉपला. माइकमधून आलेल्या आवाजाचे आकडे करून आत पाठवायचे आणि आतले आकडे पुन्हा आवाज करून बाहेर काढायचे, एवढंच त्याचं काम. पण सगळा स्टुडिओ त्या डब्यावर उभा होता. डबा खोटा निघाला तर पुढचं सगळं खोटं.

त्यानं दुकानदाराला फोन लावला.

"बदलून देतो की," दुकानदार म्हणाला. "पण आधी मोजून बघा. डब्याचा आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडा आणि टेस्ट चालवा. मला समदेच म्हणतात डबा खराब हाय, अन् दोष निघतो वायरीत."

विजयकुमारनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मोजायला घेतलं. एक लहान वायर घेऊन डब्याचं बाहेरचं भोक आतल्या भोकाला जोडलं. प्रोग्राम एक स्वर बाहेर पाठवायचा, तोच वायरीतून फिरून परत आत यायचा. गेला तसाच आला का, वाटेत त्याला काय चिकटलं, हे पडद्यावर आलेख होऊन दिसायचं. त्यानं टेस्ट लावली. आलेख आला. खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत रेघ सपाट, निवलेल्या पाण्यासारखी, आणि खाली अगदी तळाशी खुरटं गवत उगवावं तसा डब्याचा स्वतःचा आवाज. तो इतका बारीक की माणसाच्या कानाला कधी कळू नये. डबा चोख होता.

आनंद व्हायला हवा होता. पण विजयकुमारला बरं वाटलं नाही. दोष डब्यात असता तर डबा परत करता आला असता.

त्यानं माइकची लांब वायर लावली आणि पुन्हा मोजलं. आता त्या गवतातून एक सुळका सरळ वर आला होता. त्यानं आकडा बघितला. पन्नास. शेजारी शंभरावर एक धाकटा, दीडशेवर आणखी एक. रेकॉर्डिंगच्या धंद्यातल्या माणसाला पन्नास म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आपल्या तारांतून वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. हा सुळका विजेचा होता.

चार्जरमुळं असंल, त्यानं मनाशी म्हटलं, आणि चार्जर काढला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. सुळका तसाच. ट्यूबलाइट बंद केली. तसाच. मग त्यानं बायकोला हाक मारली.

"प्रिया, घरातला मेन पाड बरं जरा."

प्रियदर्शनीनं पुढच्या खोलीतला मेन स्विच खाली ओढला. स्वयंपाकघरातला रेडिओ बोलता बोलता थांबला.

"पाडला का?"

"पाडला की. पंखा बी थांबला. काहून, काय झालं?"

विजयकुमार पडद्याकडं बघत राहिला. सुळका केसभरही हलला नव्हता. हेडफोनमध्ये घूं चालूच होती. घरातली वीज तोडलेली होती, आणि वीज घरात होती.

तो वायरीचं मोकळं टोक हातात धरून उठला. हेडफोन कानावरच होता. खोलीच्या मध्यावर आला तशी घूं उतरली. दाराकडं गेला, आणखी उतरली. गोठ्याच्या बाजूच्या भिंतीकडं वळला आणि ती वाढायला लागली. पाऊल टाकलं की वाढायची. गोधडी बाजूला करून त्यानं टोक पत्र्याच्या जवळ नेलं, पत्र्याला लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. कानात एकदम जनावर गुरगुरल्यासारखा आवाज भरला आणि त्यानं हात मागं ओढला.

टेस्टर खिशातच होता. त्यानं टेस्टरचं टोक पत्र्याला टेकवलं, बोट वर ठेवलं. टेस्टरच्या पोटातला दिवा लाल झाला. मंद, पण लाल.

"अवो, घामेजलात तुमी," दारातून प्रियदर्शनी म्हणाली. "एवढ्या थंडीत."

"मेन पाडलेलाच हाय ना?"

"हाय म्हणलं ना."

"मग पत्र्यात करंट कुठून येऊन राहिला?"

ती आत आली आणि तिनं टेस्टर बघितला. पलीकडं गोठ्यात म्हैस दाव्याला ओढ देऊन उभी होती. दिवाळीपासून ती त्या पत्र्याच्या बाजूला बसत नव्हती. दावं ताणून दुसऱ्या कोपऱ्यात उभी राहायची, दूधही आटलं होतं. विजयकुमारची माय शालूबाई हिनं तिच्यावरून दोनदा मीठ-मिरच्या उतरून टाकल्या होत्या. नजर लागली म्हणायची. विजयकुमारला ते आता आठवलं.

बाहेर येऊन त्यानं वर बघितलं. रस्त्यावरच्या खांबावरून एक काळी जाड वायर निघाली होती. ती त्यांच्या पत्र्याच्या कडेला टेकून पुढं शेजारच्या माणिकरावांच्या पिठाच्या गिरणीत जात होती. वाऱ्यानं हलली की कडेवर घासायची. गिरणीला थ्री फेज लागायची. त्या काळात भारनियमनामुळं थ्री फेज दिवसातून ठरलेल्या वेळेलाच यायची, एरवी घरातले दिवे तेवढे जळायचे. आणि खोली उभी होती लाकडी मेढींवर. पत्र्यात उतरलेल्या विजेला जमिनीत जायला वाटच नव्हती. ती तिथंच बसून राहायची, कुणीतरी वाट होऊन येईपर्यंत.

त्या पत्र्याला ठोकलेल्या आकड्याला एक लोखंडी तार बांधलेली होती. तिचं दुसरं टोक अंगणातल्या शेवग्याला होतं. शालूबाई रोज तिच्यावर धुणं वाळत घालायची.

विजयकुमार गिरणीत गेला. माणिकराव पिठानं पांढरे झालेले, हातात धान्याचं माप.

"काका, तुमची वायर आमच्या पत्र्यावर घासून राहिली. पत्र्यात करंट उतरलाय."

"कोणाला लागला?"

"अजून कोणाला न्हाई."

"मग?"

"माझ्या मशीनमध्ये दिसून राहिलं. टेस्टर बी लागला. चला, दाखवतो."

माणिकराव म्हणाले, एवढं दळण काढतो आणि येतो. त्यांचं दळण निघालं आणि थ्री फेज गेली. ते आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, पत्र्यावरचं दहिवर सुकलं होतं. विजयकुमारचे वडील तातेरावही येऊन उभे राहिले, आणि गिरणीवर डबे घेऊन आलेली दोघं-तिघंही. विजयकुमारनं टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्यानं पुन्हा लावला, दुसरीकडं लावला. नाही.

"थ्री फेज गेली ना आता, म्हणून," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लटका वाटला.

तातेराव पुढं झाले. पायात वहाण नव्हती. त्यांनी सगळ्यांसमोर आपला पंजा पत्र्यावर थापला.

"बाबा, नका," विजयकुमार म्हणाला.

तातेरावांनी दुसराही पंजा ठेवला, आणि तसेच उभे राहून मान वळवून लेकाकडं बघितलं. "काय झालं? मेलो का? माणिकराव, जावा तुमी. पोरगं त्या डब्यात बघून बघून भिऊन राहिलंय."

मंडळी हसत पांगली. माणिकराव जाताना एवढंच म्हणाले, "आमच्या बापापासून हाय ती वायर तिथं."

विजयकुमार खोलीत जाऊन बसला. लाज वाटत होती, पण लाजेच्या खाली भीती होती, आणि भीती हलत नव्हती. वडिलांचे दोन्ही पंजे पत्र्यावर बघितले होते त्यानं. ते सकाळी ठेवले असते तर?

पुढचे दिवस तो मोजतच राहिला. वायरीचं टोक भिंतीपासून वीतभर लांब खिळ्याला अडकवून ठेवलं आणि दिवसातून पाच-सहादा आलेख बघितला. थ्री फेज आली की सुळका उठायचा, गेली की बसायचा. कोरड्या दुपारी कमी, सकाळी दहिवर असताना जास्त. आणि रोज थोडा, कालच्यापेक्षा जास्त. वायर घासत होती. वरचं रबर झिजत चाललं होतं, आणि ते झिजणं त्याला इथं बसून दिसत होतं. एकट्याला.

"मला दिसतंय की," प्रियदर्शनी म्हणाली. "मेन मी पाडला होता. मला कोणी काय सांगू नये."

त्यानं धुण्याची तार सोडली आणि शेवगा ते गोठ्याची मेढ अशी नायलॉनची दोरी बांधली. म्हशीला बाभळीखाली नेऊन बांधलं. शालूबाईला बजावलं, पत्र्याला हात लावू नको.

"बरं बाबा," ती म्हणाली. लेकराचं मन राखायला म्हणाली, हे त्याला कळत होतं.

मग बातमी आली की भारनियमनाच्या वेळा बदलल्या, सोमवारपासून थ्री फेज आणखी लवकर, भल्या सकाळीच येणार. दहिवराच्या वेळेला. बायांच्या धुण्याच्या वेळेला. रविवारी विजयकुमार लाइनमन पुंजाजीला गाठायला हिंगोलीला गेला. पुंजाजीनं सगळं नीट ऐकून घेतलं. "परवा नक्की येतो," तो म्हणाला. "उद्या सिद्धेश्वरच्या अंगाला लाइन पडलीय, तिकडं जावं लागतंय. तवर पत्र्यापासून लांब राहा. हसण्यावारी नेऊ नका." आपली भीती खरी मानणारं माणूस भेटलं म्हणून विजयकुमारला आधी हायसं वाटलं, आणि एसटीत बसल्यावर तेवढंच जास्त भ्या वाटायला लागलं.

तो घरी पोचला तेव्हा अंधारून आलं होतं. अंगणात काय बदललंय, हे त्याला दिसलं नाही. दिवसा ओल्या लुगड्यांच्या भारानं नायलॉनची दोरी लोंबली होती, काठ मातीत लोळले होते, आणि शालूबाई कुरकुरली होती. तातेरावांनी दोरी सोडून ठेवून जुनी तार पुन्हा ओढून बांधली होती. एका टोकाला शेवगा, दुसऱ्या टोकाला पत्र्याचा आकडा. प्रियदर्शनी तेव्हा शेतात वेचणीला होती.

सोमवारी सकाळी कालव्याच्या बाजूनं धुकं आलं होतं. शेवगा दिसत होता, त्याच्या पलीकडं काही नाही. विजयकुमार उठला तो सरळ खोलीत गेला. हेडफोन घातला, डब्याचा दिवा लागला, आलेख सुरू केला. तळाशी गवत, बाकी सपाट. तो वाट बघत बसला.

गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज आला. त्याच क्षणी पन्नासवर सुळका उभा राहिला. मागं बघितलेला सगळ्यात उंच सुळका त्यानं ओलांडला आणि वाढतच गेला. कानात घूं नव्हतीच, हंबरडा होता. डब्यावरचा बारका लाल दिवा, जो आवाज पेलेनासा झाला की लागतो, तो लागला आणि लागूनच राहिला.

विजयकुमारनं हेडफोन ओढून काढला. बाहेर बादलीची कडी वाजली.

खिडकीतून त्याला माय दिसली. अनवाणी, पदर खोचलेला, पायाखालची माती धुण्याच्या पाण्यानं ओली. पिळलेलं लुगडं तिनं दोन्ही हातांनी झटकलं. तिच्या डोक्यावर तार होती. धुक्याचे थेंब त्या तारेवर ओळीनं लटकले होते. तार तिथं कशी, हे त्याला कळेना. ती तर त्यानं सोडली होती.

"माय," तो ओरडला. "टाकू नको."

तिनं मान वळवली, पण लुगडं हातातून सुटलं होतं. ते तारेवर पडलं आणि ते सारखं करायला तिचा उजवा हात वर गेला.

तो अंगणात आला तेव्हा ती ओरडत नव्हती. तेच भयंकर होतं. ती तारेला धरून गुडघ्यात वाकली होती, बोटं मिटलेली, दात आवळलेले, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. डोळे उघडे होते, त्याच्याकडंच.

त्याचा हात पुढं गेला. तिच्या दंडापर्यंत गेला, अगदी वीतभर अंतर राहिलं, आणि थांबला. तो हात आपण थांबवला की भीतीनं थांबला, हे त्याला तेव्हाही कळलं नाही. तो मागं फिरला. गोठ्याच्या दाराला लाकडाचा आडणा होता, तो उपसला आणि तारेवर हाणला. तार नुसती झुलली, तिच्याबरोबर मायही झुलली. मग त्यानं आडणा वर उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी मायच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. मूठ सुटली. ती चिखलात कोसळली.

त्याचं ओरडणं ऐकून प्रियदर्शनी एव्हाना गिरणीच्या दारात पोचली होती. "काका, बंद करा, आधी बंद करा," एवढंच ती म्हणत होती. पट्टा थांबला.

विजयकुमार मायजवळ बसला. तिला हात लावायला अजूनही त्याचा हात धजेना. प्रियदर्शनी धावत आली आणि तिनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं. "आत्याबाई, ऐकू येतंय का?" शालूबाईच्या तळहातावर तारेचा काळा चर पडला होता. बराच वेळ छाती हलली नाही. मग हलली. मग तिनं डोळे हलवले.

"कोण मारून राहिलं मला?" ती म्हणाली.

तातेराव ओट्यावर उभे होते. हातातला तांब्या कलला होता आणि पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं. त्यांना त्याचं भान नव्हतं.

माणिकरावांच्या जीपमधून तिला हिंगोलीला नेलं. डॉक्टरनं सांगितलं, जीव वाचला, मनगट जुळून येईल, दोन बोटं मात्र पहिल्यासारखी वळायची नाहीत. ती बरी होऊन घरी आली तोवर पुंजाजीनं वायर काढून नव्या खांबावरून फिरवली होती. जुनी वायर माणिकरावांनी गुंडाळून आणली आणि तातेरावांपुढं ठेवली. एका जागी रबर उडून आतलं तांबं उघडं पडलं होतं, घासून चकाकत होतं. दोघं म्हातारे तिच्याकडं बघत बसले. शेवटी माणिकराव उठून गेले. तातेरावांनी वायर हातात घेतली, उघड्या तांब्यावरून अंगठा फिरवला, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

विजयकुमारनं पुन्हा मोजलं. माइकची वायर लावून, दहिवराच्या वेळेला, थ्री फेज असताना. पन्नासवर काही नव्हतं. भिवाजी बुवा आले, त्यांचे अभंग निघाले, माइक चावला नाही. पण बुवा श्वासाला थांबले की विजयकुमारचाही श्वास थांबायचा. हेडफोनमधल्या त्या शांततेत तो काहीतरी शोधत राहायचा, आणि ते मिळालं नाही तरी त्याचा विश्वास बसायचा नाही. भिंतीकडं पाठ करून त्याला बसवेना. त्यानं खुर्ची खोलीच्या मध्यावर ओढून घेतली.

आणि डोळे मिटले की तो वीतभर अंतरावर थांबलेला हात दिसायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, प्रियदर्शनीलाही नाही.

एकदा दुपारी तो मायच्या हाताला मलम लावत होता. प्लास्टर निघालं होतं, मनगट वाळक्या काटकीसारखं झालं होतं. शालूबाई त्याच्या बोटांकडं बघत होती.

"मला समदं दिसून राहिलं होतं," ती एकाएकी म्हणाली.

त्याची बोटं थांबली.

"तोंड उघडंना, हात सुटंना, पण दिसत होतं. तू आलास. हात पुढं केलास."

"माय..."

"तवा एकच वाटून राहिलं होतं मला. ह्यो हात आता लागंल. मग मीबी राहत न्हाई अन् तूबी राहत न्हाईस. ओरडून सांगावं, तर तोंड उघडंना. माझं काय होऊन राहिलंय, त्याचं भ्या न्हाई वाटलं तेवढं. तुझ्या हाताचं वाटलं."

विजयकुमारला मान वर करता येईना.

"थांबला तो हात," ती म्हणाली. "मग मी निवांत झाले."

तिनं न वळणारी दोन बोटं पुढं केली, राहिलेलं मलम लावून घ्यायला.